चतुःसूत्रीतलं चौथं

गेल्या दिवाळीत भाच्याने मला एक अख्खा वंश वांझ ठेवायचा की नाही, ते ठरवायला सांगितलं. मी चकली खात होतो. पडद्यावर एक उंच मनोरा पेटला होता, वरून काहीबाही कोसळत होतं आणि खेळ उत्तरासाठी ताटकळला होता. "मामा, सांग की लवकर. बरं करू का नको?" पोरगं इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, एरवी चपला घेतानाही माझं मत विचारत नाही. मी म्हटलं, आधी भानगड तरी कळू दे. त्या भानगडीने पुढे माझे तीन आठवडे खाल्ले. मी शाळेत गणित शिकवतो. अजूनही फळ्यावर शेकडेवारीचं उदाहरण लिहिताना हात मध्येच थांबतो.

त्या व्हिडिओ गेमचं नाव मास इफेक्ट. कॅनडातल्या बायोवेअर कंपनीने काढलेले त्याचे पहिले तीन भाग २००७, २०१० आणि २०१२ सालचे, म्हणजे भाच्याच्या हिशोबाने जवळजवळ शिलालेखच. त्यातलं जैविक शस्त्र म्हणजे जीनोफेज. त्याने माणूस मरत नाही, अंगावर फोड येत नाहीत, शहरं ओस पडत नाहीत. म्हणूनच त्याच्याविषयी लिहावंसं वाटलं.

गोष्ट थोडक्यात अशी. क्रोगन ही एक धिप्पाड, दांडगट जमात. त्यांनी आपसांत अणुयुद्ध करून तुचांका हा स्वतःचा ग्रह भाजून काढलेला. दुसरीकडे आकाशगंगेचा कारभार बघणारी सुधारलेल्या जमातींची परिषद, आणि तिच्यावर राक्नाय नावाच्या किड्यांसारख्या जातीचं संकट. राक्नाय राहायचे विषारी ग्रहांच्या पोटात. तिथे बिळांत उतरून लढेल असं परिषदेकडे कुणी नव्हतं. तेव्हा सालेरियन नावाच्या चटपटीत, शास्त्रात पुढे असलेल्या जमातीने क्रोगनांना हुडकलं, यानं दिली, हत्यारं दिली आणि बिळांत उतरवलं. क्रोगन जिंकले. परिषदेने खूश होऊन त्यांना राहायला नवे ग्रह दिले, राजधानीत स्मारकाचा पुतळाही उभारला. (पुतळा उभारला की देणं फिटलं असं समजणारे तिकडेही आहेत. बेळगावकराला हे वेगळं सांगायला नको.)

पुढे गणित बिघडलं. तुचांकावर पोर जगणंच मुश्कील, म्हणून निसर्गाने क्रोगन बाईला वर्षाला हजारभर अंडी दिलेली. नव्या ग्रहांवर खायला भरपूर, खाणारं जनावर नाही. पोरं जगायला लागली. जागा पुरेना तसे क्रोगन दुसऱ्यांच्या ग्रहांवर सरकले, परिषदेने मागे व्हा म्हटल्यावर त्यांनी बंड केलं, आणि बंडही साधंसुधं नव्हे, ट्यूरियन नावाच्या तिसऱ्याच जमातीच्या वसाहतींवर त्यांनी लघुग्रह आणून आदळले. मग सालेरियनांनी जीनोफेज बनवला. नुसता धाक दाखवायला, असं त्यांचं म्हणणं. ट्यूरियनांना ते म्हणणं भाबडं वाटलं. त्यांनी तो भरमसाठ तयार केला आणि सगळ्या क्रोगन ग्रहांवर सोडला. तेव्हापासून हजार गर्भांतला एखादाच जगतो. खेळाच्या कालगणनेत हे आठव्या शतकाच्या सुरुवातीला घडलं, आणि आपण खेळायला बसतो ते बाविसाव्या शतकाच्या अखेरीला. म्हणजे चौदाशेहून जास्त वर्षं हे चालू आहे.

"वांझ नव्हे रे मामा," भाच्याने माझा शब्द लगेच दुरुस्त केला. दुसऱ्या भागात मॉर्डिन सोलस नावाचा सालेरियन शास्त्रज्ञ भेटतो, त्याचीही हीच दुरुस्ती आहे. जीनोफेजने कुणाला वांझ केलं नाही, फक्त जन्माचं प्रमाण क्रोगनांच्या जुन्या, मागासलेल्या काळाइतकं खाली आणलं. निसर्ग जे करत होता तेच आम्ही केलं. मॉर्डिन बोलतो फार छान, तुटक आणि भरभर, गणिताच्या पायऱ्या सोडत गेल्यासारखा. भाच्याचा तो सगळ्यात आवडता. मलाही आवडला, हे कबूल करतो. आणि तरीही त्याच्या उत्तराला मी शून्य मार्क देईन.

पायरी कुठे चुकली ते बघा. तुचांकावर पोरं मरायची ती श्वापदांनी, उपासमारीने, रोगाने. त्या मरणाला कर्ता नव्हता. त्यातून क्रोगन शहाणे झाले असते, औषधं शोधली असती, घरं नीट बांधली असती तर ते मरण कमी झालं असतं, जसं ते आपल्याकडे झालं. माझ्या आजीची अकरांतली पाच जगली. आईच्या वेळेला चारांतली चारही. या दोन पिढ्यांमधला फरक म्हणजे माणसाची कमाई. जीनोफेज ही कमाईच होऊ देत नाही. दुसऱ्या भागात कळतं की क्रोगनांची शरीरं हळूहळू या रोगाशी जुळवून घेत होती, जन्म वाढत होते. तेव्हा मॉर्डिनच्या पथकाने सुधारित जीनोफेज तयार करून पुन्हा सोडला. निसर्गाची बरोबरी केली म्हणणाऱ्याला हे शोभत नाही. निसर्ग काही दर काही शे वर्षांनी येऊन तपासून जात नाही की माझं मरण अजून नीट चालू आहे ना.

आणि हजारात एक, याचा अर्थ नऊशे नव्व्याण्णव वेळा काहीच होत नाही असा नव्हे. होतं. पोर होतं, पण मेलेलं होतं. तिसऱ्या भागात क्रोगन स्वतः हे बोलून दाखवतात तेव्हा भाच्याने आवाज कमी केला, कारण आजी स्वयंपाकघरात होती.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा मला सुचला तो आमच्या सीमाभागातल्या एका शब्दावरून.

१९५६ साली राज्यपुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून इथला मराठी माणूस चतुःसूत्री पाढ्यासारखी म्हणत आला आहे: खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा. आंध्र आणि मद्रासच्या सीमेसाठी लागलेलं पाटसकर सूत्र, तेच इथे लावा, ही मागणी. ८१४ गावांचा दावा त्यावरच उभा राहिला. या वादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ साली अहवाल दिला, त्यात निपाणी आणि खानापूर महाराष्ट्राला सुचवलं, बेळगाव कर्नाटकातच ठेवलं. कुणालाच पटलं नाही असं नाही, ज्यांना पटायचं त्यांना पटलं. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. हे सगळं इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं, म्हणून लांबवत नाही.

मला त्यातल्या चौथ्या सूत्राविषयी बोलायचं आहे. खेडं नकाशावर दिसतं. सलगता पट्टीने मोजता येते. बहुसंख्या जनगणनेच्या तक्त्यात मिळते. ही तिन्ही बंगळूर, मुंबई किंवा दिल्लीत टेबलाशी बसून ठरवता येतात, त्यासाठी येळ्ळूरसारख्या इथल्या खेड्यात यायची गरज नाही. लोकेच्छा मात्र लोकांकडे जाऊन विचारावी लागते. ती तक्त्यात नसते. जीनोफेजवाल्यांकडे पहिल्या तिन्ही सूत्रांचा चोख हिशोब होता: कुठल्या ग्रहावर किती क्रोगन, किती वेगाने पसरतात, किती वर्षांत कुठे पोचतील. चौथं सूत्र त्यांच्या वहीत नव्हतंच.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी, नाहीतर लोक भलताच अर्थ काढतील. सीमाभागातल्या मराठी माणसावर जीनोफेज चाललाय, असं मी म्हणत नाही. आमच्या एका मित्राला ही गोष्ट सांगितली तर तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "बघ, हेच तर आपलं चाललंय!" नाही चाललं. कन्नड पाट्या, मराठी शाळांचे गळणारे वर्ग, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीवरची बंदी हे सगळं खरं आहे आणि मी त्यावर वेगळं लिहीन. पण कुणी आमच्या बायकांच्या पोटावर हात ठेवलेला नाही. दुःखाला मोठी उपमा दिली म्हणजे दुःख मोठं होत नाही. उलट तोच मित्र पुढच्या वाक्यात म्हणाला की मराठी माणसाने आता तीन-तीन पोरं काढायला पाहिजेत, नाहीतर बहुसंख्या जाईल. त्याची बायको चहा घेऊन आली होती. ती काही बोलली नाही, कप ठेवून आत गेली. म्हणजे पोटावर हात कुणी ठेवलाच असेल तर तो आमच्यातल्याच माणसाने, आमच्याच हितासाठी. आणि लोकेच्छा तिथेही विचारली गेली नव्हती.

भाच्याचा दुसरा युक्तिवाद जास्त टणक होता. "ते सगळं ठीक आहे मामा, पण लघुग्रह टाकत होते की ते. थांबवायचं कसं?" बरोबर आहे. लढणाऱ्याला लढून थांबवावं. युद्धात माणसं मरतात, आणि परिषदेला लढायचा हक्क होता हे मी मान्य करतो. पण जीनोफेज लघुग्रह टाकणाऱ्यावर पडला नाही. तो पडला त्याच्या पोराच्या पोराच्या पोरावर, जे अजून पोटातही नव्हतं. "पण क्रोगन जातच तशी आहे, रक्तातच मारामारी" असं भाचा म्हणाला तेव्हा मात्र मला त्याला हुबळीची गोष्ट सांगावी लागली. १८७१ च्या आणि त्यानंतरच्या कायद्यांनी इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. आमच्या या मुंबई-कर्नाटक भागात हुबळीला, विजापूरला त्यांच्यासाठी काटेरी तारांच्या वसाहती होत्या. हुबळीकडचे लोक त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात. पोर त्या जमातीत जन्मलं की आज ना उद्या गुन्हेगार म्हणूनच वहीत चढायचं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का सुटला. रक्तातच आहे, हे वाक्य म्हणणाऱ्याच्या हातात कुठली तरी वही असतेच.

तरी क्रोगनांच्या रक्ताचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांचं काम. क्रोगन दांडगे आहेत हे सालेरियनांना आधीच ठाऊक होतं. दांडगे होते म्हणूनच तर त्यांना आणलं. बिळांत उतरायला दांडगेपणा हवा होता, तोवर तो गुण होता. राक्नाय संपले आणि तोच गुण रोग ठरला. आपल्याकडे गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथे तर रोगीच उलटून वैद्याला मारतोय. जीनोफेजची सगळी चर्चा क्रोगन धोकादायक होते की नाही यावर चालते. माझ्या मते ती चुकीच्या पायरीवर सुरू होते. पहिली पायरी ही, की कामापुरती आणलेली माणसं काम संपल्यावर जास्तीची झाली, आणि मग त्यांच्या पोटाचा हिशोब करणं सोपं वाटायला लागलं.

हे मला खेळातून कळलं नाही. ते मी इथेच, चिकोडी-संकेश्वर रस्त्यावर बघितलेलं आहे.

दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांवर बीडकडची ऊसतोड मंडळी येतात. कारखान्याच्या मागच्या रानात कोप्या उभ्या राहतात, पाचटाच्या आणि निळ्या ताडपत्रीच्या. मुकादमाने पावसाळ्यातच उचल दिलेली असते, ती नवरा-बायको दोघांच्या नावावर, आणि त्या जोडप्याला म्हणतात एक कोयता. माणूस नव्हे, कोयता. किती कोयते आले, असं विचारतात. पहाटे तीनला फडात जायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. पाळीच्या दिवसांत फडात ना पाणी, ना आडोसा. काही वर्षांपूर्वी आम्ही काही शिक्षक त्यांच्या पोरांना शाळेत बसवायची खटपट करत होतो, तेव्हा एका कोपीपुढे बसून नावं लिहून घेत होतो. बाई तिशीची असेल. मुलं दोन. मी सवयीने विचारलं, आणखी लहान कुणी आहे का घरात? ती सहज म्हणाली, "नाही गुरुजी, पिशवी काढलीया." शेजारची म्हणाली, "माझी बी." तिसरी नुसती हसली आणि तिने चुलीत पाचट सारलं. एखादीने दात काढला म्हणावं तसं सांगितलं. मी वहीत मुलांच्या रकान्यात २ लिहिलं आणि पुढच्या कोपीकडे गेलो. दुसरं काय करणार होतो?

पुढे २०१९ मध्ये बातम्या आल्या. महाराष्ट्र सरकारने समिती नेमली, बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. मी आठवीच्या वर्गात ते उदाहरण म्हणून घालून बघितलं, शेकडा किती? पोरांनी दोन मिनिटांत काढलं, शेकडा सतराच्या जरा खाली. एका मुलीने विचारलं, "गुरुजी, का काढतात?" मला वर्गात उत्तर देता आलं नाही. उत्तर असं, की कुणीही कुणाला जबरदस्ती केली नाही. डॉक्टर म्हणाला पुढे कॅन्सर होईल. मुकादम म्हणाला खाडा परवडणार नाही. नवरा म्हणाला उचल फिटायची आहे. बाई म्हणाली सुटले एकदाची. सह्या, अंगठे सगळे जागच्या जागी. कुठलाही शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत बसला नव्हता, कुठलाही मनोरा पेटला नव्हता. ऊस मात्र वेळेवर तुटला.

या कहाणीपुढे मला जीनोफेज कधीकधी बराच प्रामाणिक वाटतो. निदान तिथे एक रोग होता, त्याला नाव होतं, बनवणारे होते, सोडणारे होते. क्रोगनाला कुणाच्या दारात जाऊन ओरडायचं ते ठाऊक होतं. कोपीतल्या बाईने कुणाच्या दारात जावं?

कायद्याचं म्हणाल तर तो या बाबतीत लोकांना वाटतो त्यापेक्षा कडक आहे. १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात वंशसंहाराची जी व्याख्या आहे, तिच्यात ठार मारण्याबरोबरच एखाद्या गटाला संपवायच्या हेतूने त्यात जन्म होऊ नयेत म्हणून उपाय लादणं हेही धरलेलं आहे. म्हणजे 'आम्ही कुणाला मारलं नाही' ही मॉर्डिनची ढाल तिथे चालणार नाही. ट्यूरियन वकील हेतूच्या शब्दावर अडून बसतील, संपवायचं नव्हतं, आवरायचं होतं म्हणतील, आणि तो खटला रंगेल. जैविक शस्त्रांवर बंदीचा करार १९७२ चा, अंमल १९७५ पासून. त्यात तपासणीची यंत्रणाच नाही, ही त्याची रड जुनी आहे.

आणि ही नुसती कल्पना म्हणून सोडून द्यावी तर तेही नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीचा प्रोजेक्ट कोस्ट नावाचा गुप्त कार्यक्रम होता. कृष्णवर्णीयांची प्रजननक्षमता कमी करण्याच्या संशोधनावर त्यात काम चालल्याचं १९९८ मध्ये सत्य आणि समेट आयोगासमोर साक्षीत आलं. कार्यक्रमाचा प्रमुख हृदयरोगतज्ज्ञ होता. खेळ लिहिणाऱ्यांना फार लांब जायची गरज नव्हती.

बेळगावात टिळकवाडीला व्हॅक्सिन डेपो आहे. इंग्रजांच्या काळात तिथे देवीची लस तयार व्हायची, वासरांच्या पोटावर फोड आणून. आता तिथे सकाळी लोक फिरायला येतात, आणि कर्नाटकाचं हिवाळी अधिवेशन बेळगावात भरलं की त्याला उत्तर म्हणून मराठी महामेळावा याच मैदानावर घ्यायचा, परवानगी नाकारली जायची, धरपकड व्हायची, असा गेल्या काही वर्षांचा परिपाठ. मी त्या मैदानावर घोषणा दिल्या आहेत आणि पोलिसांच्या गाडीतही बसलो आहे. तिथे उभं राहून देवीचा विचार कधी केला नव्हता. तुचांकावरचा तो पेटलेला मनोरा बघून केला. तो मनोरा सालेरियनांनी बांधला होता बिघडलेलं हवामान सावरायला, आणि जीनोफेज पसरवला गेला तोही त्याच्यातूनच. देवीचंही काहीसं असंच. जग तिच्यातून मोकळं झाल्याची घोषणा १९८० साली झाली. तिचे विषाणू आजही अमेरिकेत आणि रशियात एकेका प्रयोगशाळेत ठेवलेले आहेत, आणि सोव्हिएत काळात त्यांचा शस्त्रासाठी साठा केला होता असं त्या कार्यक्रमातून बाहेर पडलेल्यांनी सांगितलं. लस टोचणारा हात आणि रोग सोडणारा हात यांची शाळा एकच. वरवर दोघांचा पेहरावही एकच दिसतो. ओळखायचं कसं, तर एकाने दार वाजवलेलं असतं. निदान वाजवायला हवं असतं.

नेहमी वाजवलं जात नाही, हे मला घरातूनच ठाऊक आहे.

माझी आई नर्स होती, खानापूर तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात. १९७६ साली ती चोवीस वर्षांची. आणीबाणीतलं कुटुंबनियोजन तिने केलं, म्हणजे तिच्याकडून करून घेतलं गेलं. महिन्याला इतक्या केसेस आणायच्या. माणसाला तेव्हा केस म्हणत. शिक्षकांनाही टार्गेट होतं, तलाठ्यालाही. आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या हिशोबात १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८१ लाखांच्या वर शस्त्रक्रिया झाल्या, ठरवलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि आपल्या लाडक्या महाराष्ट्राने, ज्याच्यात जायचं म्हणून मी घोषणा देतो, त्याच साली तीन मुलं झालेल्या जोडप्यांवर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक दोन्ही सभागृहांत पास केलं होतं. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून ते राहिलं. ही गोष्ट आमच्या कुठल्याच मेळाव्यात कुणी सांगत नाही. मीही सांगितलेली नाही.

तेव्हा सगळेच वाईट होते असं नव्हे. आई तर नाहीच. लोकसंख्या वाढतेय, अन्न पुरणार नाही, हे तिला पटलेलं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. मॉर्डिनचंही तसंच आहे. सुधारित जीनोफेज सोडला नाही तर क्रोगन पुन्हा उठतील, पुन्हा युद्ध होईल आणि या वेळी त्यांना समूळ मारलं जाईल, म्हणून त्यांच्याच भल्यासाठी हे केलं, असं तो सांगतो, आणि ते त्याला मनापासून वाटतं. त्याच्या शिष्याला मात्र अपराधाने झोप लागेना. तो तुचांकावर जाऊन जीनोफेजवर उतारा शोधायला लागला, आणि तो शोधता शोधता त्याने क्रोगन बायकांवर असे प्रयोग केले की त्या मेल्या. मॉर्डिन तिथे एका मेलेल्या बाईपाशी थबकतो. खेळातली सगळ्यात चांगली जागा माझ्या मते ती. कारण तिथे पहिल्यांदा त्याच्या आकड्याला चेहरा येतो.

तिसऱ्या भागात बकारा नावाची क्रोगन बाई येते. तिच्या शरीरात रोगाला तोंड देणारं काहीतरी आहे. मॉर्डिन तिच्याबरोबर काम करतो, तिच्याशी बोलतो, ती त्याला उत्तरं देते. चौदाशे वर्षांच्या या भानगडीत कुणी क्रोगन बाईला तुला काय हवं असं विचारल्याचं मला दिसलं ते इथेच. आणि खेळ लिहिणाऱ्यांनी एक गाठ मारून ठेवली आहे: शिष्याच्या त्या क्रूर प्रयोगांची माहिती तुम्ही आधीच्या भागात जाळून टाकली असेल, तर बकारा जगत नाही. ठेवली असेल तर जगते. भाच्याने जाळली होती. तत्त्व म्हणून. त्याला खूप वाईट वाटलं, आणि मला त्याचा अभिमानही वाटला, काय करणार.

मग सालेरियन नेता येते आणि हळूच सांगते, क्रोगनांना बरं केल्याचं नाटक करा, खरं करू नका, आम्ही तुम्हाला युद्धात मदत देऊ. फसवणुकीची किंमत ठरलेली, मोजून. भाचा याच निवडीपाशी थांबला होता, मी चकली खात असताना.

मी म्हटलं, बरं कर. तो म्हणाला, "मग परत लघुग्रह टाकले तर?" मी म्हटलं, टाकतील कदाचित. तेव्हा लढू. तो म्हणाला, "गणिताचा मास्तर असून असं म्हणतोस?" आणि त्याने बटण दाबलं.

रात्री आईला विचारलं, ती जुनी वही आहे का अजून. होती. लोखंडी पेटीत, माझ्या दहावीच्या निकालाखाली. निळी, आखीव, कडा वाळवीने खाल्लेल्या. गाव, नाव, वय, मुलं, आणि शेवटच्या रकान्यात बरोबरची खूण. पानंच्या पानं खुणा. मी मोजायला लागलो आणि सोडून दिलं. एका नावापुढे खूण नव्हती, फुलीही नव्हती, नुसतं शाईने केलेलं गोल. भाचा वाकून बघत होता. "आज्जी, हा कोण?"

आईने चष्मा लावला. "जीप आली की जंगलात पळायचा," ती म्हणाली. "तीनदा गेलो, तीनदा पळाला. त्याच्यापायी माझा दोन महिने पगार अडकला होता." तिने वही मिटली, पेटीत ठेवली, वर निकाल ठेवला. मग स्वयंपाकघरातून आवाज आला, "लई जोरात पळायचा पण."